लक्षात आहे

सुसुझ. नावाचा अर्थ, बिनपाण्याचं.
आणि नोव्हेंबरपासून कमरेएवढं बर्फ.

पहिलं बर्फ बसलं की आम्ही हंस कापतो.
दूध-पाणी निवडणारे नव्हेत हे,
खळ्यावर सांडलेले गहू निवडणारे,
पोरांच्या पोटऱ्यांना चावणारे,
तंदूरमध्ये टांगले की खालच्या दलियात
रात्रभर टपटप चरबी गाळणारे.
मान आईची. मांड्या पाहुण्यांच्या.
छातीतलं बेचकं आम्हा दोघांचं.

चुलीपाशी वाळवायचं ते. मग
एक टांग माझ्या करंगळीत, एक तुराबीच्या,
आणि ओढ.
मोडलं की खेळ सुरू.
यापुढे एकानं दुसऱ्याच्या हातात काही दिलं,
मीठ, सुई, रडकं पोर, काहीही,
तर घेणाऱ्यानं म्हणायचं, ‘लक्षात आहे.’
विसरला, की देणारा ओरडणार, ‘लादेस!’
आणि जिंकणार.

आमचा शेवटचा लादेस एकोणतीस वर्षं चालला.
तो कासेलला गेला, बसगाड्या दुरुस्त करायला.
पार्सलं यायची. दोरा तोडायच्या आधी मी
पोस्टमनच्या तोंडावर म्हणायचे, लक्षात आहे.
तो म्हणायचा, बाई, सही कर.
मी पाठवलेल्या लोकरी मोज्यांना
तिकडे तो एकटाच म्हणत असणार.
विश्वासाचा मामला.
लग्नात त्यानं तळहातावर सोन्याचं नाणं टेकवलं
तेव्हा भर वाजंत्रीत मी ओरडले होते,
नवरा दचकला होता.

आई मार्चमध्ये गेली.
जमीन दगड झालेली. आधी शेकोटी पेटवून
कबरीपुरती मऊ करून घेतली.
आम्ही बायका भिंतीपाशी.
कबरीवरचं फावडं हातातून हातात देत नाहीत आमच्यात,
खाली टाकतात, दुसरा उचलतो.
त्यामुळे तिथं कुणी हरलं नाही.

परतताना, पाइनच्या झाडांखाली,
त्यानं आईच्या घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली.
थंड लोखंड कातडीला चिकटलं.
मी मूठ मिटली. दहा-बारा पावलं गेले.
मग कळलं, मी काहीच म्हटलं नाही.

वळले. त्यालाही कळलं होतं.
तोंड उघडलेलं, वाफ बाहेर आलेली, शब्द नाही.
मग खाली वाकला, म्हणाला,
‘अब्ला, बघ, काजळी उड्या मारतेय.’

बुटाच्या ठशात काळे कण,
कुणी कढई खरवडून झटकल्यासारखे.
एक आहे म्हणावं तर नाही. वीतभर पलीकडे.
त्याची एलानूर कीटकांचं शिकते, तिनं सांगितलेलं:
पोटाखाली दुमडलेलं बेचकं,
आकड्यात अडकवलेलं.
आकडा सुटला की बर्फावर आपटतं, जीव हवेत.
कुठे पडायचं ते बहुतेक वेळा त्यांनाही माहीत नसतं.
‘आणि पुस्तकात दोघांना एकच नाव, अब्ला,
हंसाच्या हाडाला नि याच्या शेपटीला.’

आम्ही उकिडवे बसून राहिलो,
पन्नाशीतली दोन माणसं, मयताच्या कपड्यांत.
मला आठवत होतं, आमचे हंस
कुंपणापलीकडे कधी उडाले नाहीत.
तरी प्रत्येकाच्या छातीत ते हाड होतंच,
पंख आपटला की फाकायचं,
मिटला की मिटायचं,
आमच्या हाती येईपर्यंत न मोडलेलं.

तो निघाला त्या दिवशी
खारवलेला हंस मी फडक्यात बांधून दिला.
दोन्ही हातांनी घेतला त्यानं. छातीशी धरला.
काही बोलला नाही.
विसरला, की परतफेड केली,
विचारायला बस थांबली नाही.

मीही ओरडले नाही.
किल्ली खिळ्यावर आहे.
रोज दार उघडताना कुणीच नसतं समोर.
तरी म्हणते.